शेवटचे तीनशे किलोमीटर

न्यूअर्कच्या विमानतळापासून दहा-बारा किलोमीटरवर रोझेल नावाचं गाव आहे. एडिसनहून विमानतळाकडे जाताना ते डाव्या-उजव्या पाट्यांमध्ये येतं आणि निघून जातं. 1883 च्या जूनमध्ये आनंदीबाई जोशी या गावी थिओडोशिया कार्पेंटर यांच्या घरी उतरल्या. 7 एप्रिलला कलकत्त्याहून बोटीत बसलेली अठरा वर्षांची मुलगी लंडनमार्गे 4 जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागली. अठ्ठावन्न दिवस. नवरा बरोबर नाही, बोटीवर तिच्या खाण्यासारखं फारसं काही नाही, आणि पलीकडे भेटणार ती बाई केवळ पत्रांतून ओळखीची. त्या बाईला आनंदीबाई पुढे मावशी म्हणू लागल्या. डॉक्टर होऊन त्या परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा मात्र पुन्हा समुद्र ओलांडून न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत गेली. न्यू जर्सीत राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांना किती लांब आलो आहोत हे मोजायचं असेल, तर पहिलं माप या बाईचं आहे.

माघी गणेश जयंतीसाठी मी जानेवारीत कोकणातल्या आमच्या गावी, हेदवीला निघाले होते. हेदवीच्या दशभुज गणेशाचा माघातला उत्सव आमच्या घरात दिवाळीहून मोठा. तिकिटावर न्यूअर्क आणि मुंबई एवढी दोनच नावं होती, उड्डाणाचा वेळ चौदा तासांच्या थोडा वर. न्यूयॉर्क-मुंबई हे हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर धरतात. वैमानिकांच्या भाषेत सागरी मैल, म्हणजे 6,770 च्या आसपास. आकाशातही अंतर सागरी मैलातच मोजतात याचं मला कोकणातली असल्यामुळे फार बरं वाटतं.

हे 12,500 किलोमीटर कुठून जातात, हे भिंतीवरच्या नकाशावर कळत नाही. नकाशा बघून वाटतं, सरळ अटलांटिक ओलांडायचा, भूमध्य समुद्र धरायचा आणि अरबी समुद्रात उतरायचं. त्यापेक्षा पृथ्वीचा गोल घ्यावा आणि न्यूयॉर्कपासून मुंबईपर्यंत दोरा घट्ट ताणावा. दोरा आपण होऊन उत्तरेला सरकतो. आइसलँडवरून जातो, नॉर्वेतल्या ट्राँडहाइमजवळून वळतो, मॉस्कोजवळून रशिया ओलांडतो, तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तानातल्या हेरातचा परिसर, बलुचिस्तान, कच्छ, आणि मग मुंबई. सगळ्यात जवळची वाट ती ही. माझ्या मुलाने शाळेत असताना हा दोरा लावून पाहिला होता आणि त्याला वाटलं होतं की गोलच वाकडा आहे.

पण या दोऱ्यावरून आज कुणाचंच विमान सरळ जात नाही. 2022 मध्ये युक्रेन युद्ध पेटल्यावर रशियाने अमेरिकी विमानांना आपल्या हद्दीवरून उडायला बंदी केली. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, भारतानेही तसंच उत्तर दिलं. म्हणजे अमेरिकी विमानाला दोऱ्याचा मधला भाग नाही आणि भारतीय विमानाला शेवटचा. आमच्या विमानाच्या पडद्यावरची रेघ युरोप ओलांडून तुर्कस्तानकडे झुकली, अरबस्तानवरून खाली आली आणि ओमानचा किनारा सोडून अरबी समुद्रात शिरली. शेजारच्या आजोबांनी ती रेघ बोटाने गिरवली आणि म्हणाले, "एवढा वळसा?" ते पहिल्यांदाच मुलीकडे येऊन परत चालले होते. वळसा का ते मी सांगितलं, तर बराच वेळ गप्प बसले. दोन देशांचं भांडण आपल्या पाठीला आणि गुडघ्यांना कळतं, ते असं.

जाताना लवकर आणि येताना उशीर, हाही अनेकांना कोड्यात टाकणारा भाग. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. ध्रुवाकडची थंडी आणि विषुववृत्ताकडची ऊब यांतला फरक हिवाळ्यात सर्वाधिक असतो, म्हणून हा वारा तेव्हा जोरात असतो, ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे सहज जातो. भारताकडे येणारं विमान त्याच्या पाठीवर बसून येतं, परत जाणाऱ्याला त्याच्याशी झुंजावं लागतं, म्हणून मुंबईहून निघालं की तास-दीड तास जास्त. त्या झुंजीसाठी इंधन आधीच भरून घ्यावं लागतं. इतक्या लांबच्या उड्डाणाला शंभर टनांहून अधिक इंधन लागतं आणि त्यातला बराच भाग उरलेलं इंधन वाहून नेण्यातच जळतो. थांबे घेत जाणारं विमान कित्येकदा कमी इंधनात पोचतं ते यामुळेच. तरी माणसं विनाथांबा विमानाला जास्त पैसे मोजतात. म्हातारे आईवडील, कडेवरची पोरं, आजारपणं यांना थांबा परवडत नाही.

हा विनाथांबा प्रवास जुना नाही. 8 जून 1948 च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं. जे. आर. डी. टाटा स्वतः त्यात होते. न्यूयॉर्कपर्यंत सेवा पोचायला 1960 साल उजाडलं, तेही बोइंग 707 जेट आल्यावर आणि लंडनवरून. एअर इंडियाचं मुंबईहून न्यूयॉर्कला एका दमात जाणं 2007 मध्ये सुरू झालं. माझे मामा सत्तरच्या दशकात गेले तेव्हा त्यांना पोचवायला सांताक्रूझला अख्खा वाडा आला होता, हार घालून. आता मुलं टॅक्सी बोलावून एकटी जातात आणि पोचल्यावर निरोप टाकतात. हे अंतर खरोखर आटलं, आणि ते आटवणाऱ्या इंजिनियरांबद्दल, वैमानिकांबद्दल माझ्या मनात निखळ कृतज्ञता आहे.

पण परदेशातला माणूस विमानाला किती तास लागतात हे रात्री दोन वाजता ज्या कारणासाठी शोधतो, त्या कारणाला हे चौदा तास पुरत नाहीत.

माझे वडील श्रावणात गेले. न्यू जर्सीत मध्यरात्र होती, हेदवीत सकाळ. दादाने फोनवर एवढंच विचारलं, "थांबायचं का गो तुझ्यासाठी?" मी मनातल्या मनात हिशेब केला. पहिलं विमान संध्याकाळचं. ते मुंबईला उद्या रात्री. पुढे पाऊस, घाट, दरडी. कितीही घाई केली तरी परवाची सकाळ. फोनमधून पागोळ्यांचा आवाज येत होता. मी म्हटलं, थांबू नका. दहाव्याला पोचले. तेव्हापासून विमानाचे तास मी मोजत नाही, उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतचे मोजते.

या खेपेचा हिशेब साधारण असा. एडिसनचं घर संध्याकाळी पाचला सोडलं. दुसऱ्या दिवशी रात्री नऊच्या सुमारास मुंबईला उतरले. हिवाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळांत साडेदहा तासांचं अंतर असतं, त्यामुळे वेळापत्रक वाचणाऱ्याला वाटतं की विमान दिवसभर आकाशातच होतं. शिक्का, सामान, टॅक्सी, पनवेल. पनवेलच्या फलाटावर मध्यरात्र उलटल्यावर कोकणकन्या आली. डब्यात शिरताच खवय्यांनी बांधून घेतलेल्या बटाटेवड्यांचा वास आणि वरच्या बाकावरून, "ताई, बॅग इथे सरकवा, जागा होते." त्या एका वाक्याला मी आल्यासारखी झाले.

कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998 ला पुरती सुरू झाली. आमच्या आधीच्या पिढीने ती कागदावर किती वर्षं पाहिली होती! मधू दंडवते, जॉर्ज फर्नांडिस, ई. श्रीधरन ही नावं कोकणात आजही आदराने घेतली जातात, आणि घ्यावीत. सह्याद्रीची सोंडच्या सोंड पोखरून, खाड्यांवर पूल टाकून ही वाट काढली. ती काढताना कामगारांनी जीव गमावले. रात्रीच्या प्रवासात बोगदा डोळ्यांनी दिसत नाही, कानांना कळतो. आवाज एकदम जवळ येतो, मग सुटतो. रोहा, माणगाव, खेड. पहाटे साडेचारच्या सुमारास चिपळूण.

चिपळूणच्या एसटी स्थानकावर गुहागरची गाडी लागायला वेळ होता. कंडक्टर काचेत मशीन ठेवून चहा पीत होते. पूर्वी पत्र्याच्या पेटीतून रंगीत तिकिटं काढून चिमट्याने टकटक करायचे, आता मशीन कागदाची पट्टी सोडतं. पण भाडं अजून टप्प्यांनीच ठरतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. आदल्या दिवशी सागरी मैलांत प्रवास केलेली मी आता टप्प्यांवर आले. मार्गताम्हाने, शृंगारतळी, मोडकाआगर. शाळेची पोरं चढली, उतरली. एक आजी कोंबडीची पाटी घेऊन चढल्या, कंडक्टरनी त्यांना हात दिला. गुहागरला दुसरी गाडी, पालशेत, अडूर, वेळणेश्वर. आंब्यांना मोहोर होता आणि खिडकीतून तो वास आत येत होता. साडेनऊच्या सुमारास हेदवी.

तीस तास. त्यांतले चौदा विमानात गेले. मुंबईला उतरल्यापासूनचे तीनशे किलोमीटर गाठायला बारा तास लागले, आणि सरळ रेषेत मुंबई-हेदवी तर दोनशे किलोमीटरही भरत नाही.

काकू पडवीत बसल्या होत्या. त्यांना ऐंशीच्या पुढची वर्षं झाली, ऐकू कमी येतं, पण पावलांचा आवाज त्यांना जमिनीतून कळतो. "कधी निघालीस गो?" हा त्यांचा पहिला प्रश्न. कशाने आलीस, कितीला आलीस हे नंतर. मी सांगितलं, परवा संध्याकाळी. त्यांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्यासारखंच की. मला लग्नानंतर मुंबईहून इथे यायला एवढाच वेळ लागला."

मी गिरगावातल्या त्यांच्या माहेराबद्दल ऐकलं होतं, या प्रवासाबद्दल नव्हतं. 1960 च्या अलीकडे-पलीकडे त्या नवी नवरी म्हणून निघाल्या. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून बोट. खालच्या मजल्यावर सामान, कोंबड्या, पोरं, आणि जिकडेतिकडे उलट्या. बोट लागू नये म्हणून सासूबाईंनी आवळकाठी तोंडात धरायला दिलेली. हर्णै, दाभोळ करत अंधार पडल्यावर बोट जयगडच्या तोंडाशी उभी राहिली. धक्क्याला लागत नसे. छोट्या होड्या जवळ यायच्या आणि लाट वर आली की खलाशी माणसाला दंडाला धरून होडीत उतरवायचे. "लाट खाली गेली की थांबायचं. वर आली की पाय टाकायचा. मी चुकून खाली जाताना टाकला, तर त्याने मला उचलूनच घेतलं. लाजेने मेले होते." रात्र जयगडला ओळखीच्यांकडे. दुसऱ्या दिवशी भरती बघून शास्त्रीची खाडी ओलांडून तवसाळला, आणि तिथून बैलगाडीने हेदवी. आषाढ ते नारळी पौर्णिमा बोट बंद. त्या दिवसांत माहेरी कुणाचं काही झालं तर तार यायची आणि तारेवरच रडायचं, एवढंच हातात.

मी हिशेब मांडला. काकूंच्या त्या प्रवासात बोटीवरचे तास बारा-तेरा. मी तेवढ्यात न्यूअर्कपासून ओमानपर्यंत आले होते. पण दोघींचीही खरी दमछाक झाली ती बोट किंवा विमान सोडल्यावर, जमिनीजवळ आल्यावर. त्यांना खाडी आणि भरती, मला रात्रीचा फलाट आणि दोन एसट्या.

उत्सवाच्या आदल्या दिवशी देवळात गेले. डोंगराच्या उतारावर झाडीत हे देऊळ. गाभाऱ्यात दहा हातांचा पांढऱ्या संगमरवराचा गणपती, सोबत लक्ष्मी. पेशवाईतला हा गणपती. मूर्ती काश्मीरहून घडवून आणली अशी इथली परंपरा आहे. गुरुजी ती गोष्ट सांगताना नेहमी एक क्षण थांबतात, जणू मूर्ती आताच पायऱ्या चढून आली. काश्मीर ते हेदवी, घोड्यांवरून, गाड्यांवरून, नद्या उतारावर ओलांडत, वाळलेल्या गवतात गुंडाळलेला एक दगड. किती महिने लागले असतील, वाटेत किती हातांनी तो उचलला असेल, हा विचार आला की आमच्या गावाला लांबचं काही आणता येत नाही असं म्हणवत नाही. आणायचं ठरवलं तर आणता येतं. ठरवणारं कुणी लागतं.

म्हणूनच मला एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. लांब पल्ल्याच्या विमानाचे आणखी दोन तास वाचले म्हणून कोकणातला माणूस आपल्या माणसापर्यंत लवकर पोचणार नाही. तो पोचेल तो पनवेलच्या पुढे. 8 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. त्या विमानतळाचं कौतुक सगळे धावपट्ट्यांच्या आणि प्रवासी संख्येच्या आकड्यांनी करतात. मला त्यातली मोलाची गोष्ट एवढीच वाटते की तो कोकणच्या वाटेवर आहे. रात्री उतरलेल्या माणसाला अख्खी मुंबई ओलांडावी लागणार नाही. अमेरिकेची विमानं तिथून येऊ-जाऊ लागली आणि पनवेलच्या गाडीला त्यांची वेळ जुळवून दिली, तर एडिसन ते हेदवीतले तीन-चार तास सहज कमी होतील. कशेडीचा बोगदा झाला तेव्हा घाटातला पाऊण तास काही मिनिटांवर आला, तेही असंच खरं वाचणं. रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दलाकडे आहे. चिपीचा विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाला, पण गुहागर तालुक्याला तो फार दक्षिणेला पडतो. आमच्यासारख्यांना विमानतळ दारात नको. रात्री दोनला फोन आला तर चिपळूणहून पुढे जायला गाडी मिळेल, रस्ता धड असेल, फेरीबोट वेळेवर सुटेल, एवढं हवं.

संध्याकाळी उमामहेश्वराच्या देवळाकडे उतरले. शेजारच्या काळ्या कातळात समुद्राने चिरत आणलेली अरुंद फट आहे, बामणघळ. भरतीच्या वेळी लाट आत घुसते, पुढे जायला वाट उरत नाही आणि पाणी उसळून माणसाच्या कितीतरी वर उडतं. ओहोटीला तिथे नुसती खाच दिसते आणि पर्यटक निराश होऊन परततात. म्हणून इथली माणसं कुणी येणार म्हटलं की आधी तिथी विचारतात. दादाचा मुलगा मला म्हणाला, "आत्या, अजून वीस मिनिटं थांब." थांबले. पहिल्या दोन लाटा लहान आल्या. तिसरी आत शिरली तेव्हा खालून ढोल वाजल्यासारखा दणका बसला आणि पायाखालचा कातळ हलल्याचं स्पष्ट जाणवलं. पाण्याचा खांब उभा राहिला, वरच्या वर फुटला, आणि आम्ही दोघं भिजलो. तो बारावीला आहे. त्याला वैमानिक व्हायचं आहे. पाणी झटकत त्याने विचारलं, परतीला विमान कुठून जाईल, वारा किती असेल, इंधन किती घेतील. मला येत होतं तेवढं सगळं मी सांगितलं आणि उरलेलं विचारायला त्याला एका ओळखीच्या वैमानिकाचा पत्ता दिला.

परतीचं विमान पहाटेचं आहे. वारा समोरून, म्हणजे सोळा तास धरायचे. त्यासाठी आदल्या दिवशी दुपारची गाडी चिपळूणहून धरावी लागेल, ती चुकली तर रात्रीची पनवेलला फार उशिरा येते. गुहागरच्या एसटीचा भरवसा धरायचा की रिक्षा सांगायची यावर घरात जेवताना चर्चा झाली. दादा म्हणाला रिक्षाच. काकू म्हणाल्या, दोन्ही सांगून ठेव, आणि सकाळीच जेवून निघ, वाटेतलं काही खाऊ नको. वहिनी तोवर कोकमाच्या बाटल्यांना पिशव्या गुंडाळत होती, तेवीस किलोच्या आत बसवायच्या म्हणून दर बाटलीमागे स्वयंपाकघरातला काटा बघत.